अंतिम संग्रह आणि येवल्याचा माग

फॅशन डिझाइनच्या दूरचित्रवाणी स्पर्धांमध्ये शेवटची फेरी आधीच्या सर्व फेऱ्यांहून जातीनेच वेगळी असते, आणि म्हणून ती पाहण्याची रीतही वेगळी असावी लागते. आधीच्या फेऱ्यांत स्पर्धकाला एखादी अट घालून दिलेली असते, एक-दोन दिवसांची मुदत असते आणि त्या मुदतीत एकच पोशाख शिवून परीक्षकांसमोर आणायचा असतो. तेथे कसोटी लागते ती हाताच्या वेगाची, प्रसंगावधानाची आणि अडचणीतून वाट काढण्याच्या कौशल्याची. शेवटच्या फेरीत ही बाहेरची अट गळून पडते. विषय स्पर्धकाने निवडायचा, कापड त्याने आणायचे, ठरवून दिलेल्या रकमेत आणि काही आठवड्यांच्या अवधीत दहा-बारा पोशाख तयार करायचे आणि ते सगळे मिळून एकच म्हणणे मांडतील अशा क्रमाने रॅम्पवर, म्हणजे प्रेक्षकांच्या दोन बाजूंच्या रांगांमधून जाणाऱ्या अरुंद मंचावर, सादर करायचे, असे तिचे स्वरूप असते. अशा रचलेल्या संचाला फॅशनच्या व्यवहारात कलेक्शन किंवा संग्रह म्हणतात, आणि त्यातील एका मॉडेलच्या अंगावरील संपूर्ण वेशाला, म्हणजे कपडे, पादत्राणे, दागिने आणि केशरचना यांच्या जुळणीला, लुक म्हणतात.

या प्रकारच्या कार्यक्रमांचा साचा घडवणारा 'प्रोजेक्ट रनवे' हा अमेरिकी कार्यक्रम डिसेंबर २००४ मध्ये ब्राव्हो वाहिनीवर सुरू झाला. हायडी क्लूम ही मॉडेल त्याची सूत्रधार होती, न्यूयॉर्कमधील पार्सन्स या डिझाइनच्या विख्यात शाळेतील अध्यापक टिम गन स्पर्धकांचे मार्गदर्शक होते, आणि अंतिम फेरीतील संग्रह न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये, म्हणजे व्यावसायिक डिझाइनर आपले पुढच्या हंगामाचे कपडे खरेदीदारांना आणि पत्रकारांना जेथे दाखवतात त्याच ठिकाणी, सादर होत असत. त्याच वर्षी तेव्हाच्या अल्फा मराठी आणि आजच्या झी मराठी वाहिनीवर आदेश बांदेकर यांचा 'होम मिनिस्टर' सुरू झाला, आणि घरोघरच्या वहिनी खेळात जिंकून पैठणी नेसू लागल्या. एका कार्यक्रमात कापड हा कच्चा माल होता, तर दुसऱ्यात कापड हेच बक्षीस होते. दोन्ही कार्यक्रम आवडीने पाहणारा प्रेक्षक आज नाशिकमध्ये आहे आणि ती पैठणी विणणारे येवलेही नाशिक जिल्ह्यातच आहे. त्यामुळे अंतिम संग्रहाकडे पाहण्याची एक स्वतंत्र दृष्टी या जिल्ह्यातील प्रेक्षकाला जवळजवळ वारशानेच मिळाली आहे. ही दृष्टी कापडापासून सुरुवात करते, आणि तीच अधिक खरी आहे, असे ठामपणे म्हणता येते.

संग्रहाचे पहिले मर्म त्याच्या क्रमात असते. पहिला लुक विषयाची ओळख करून देतो: रंगांची मर्यादा कोणती, आकाररेषा म्हणजे पोशाखाचा लांबून दिसणारा बाह्य आकार कसा आहे, कापड जड आहे की झुळझुळीत, हे त्यातच कळायला हवे. मधल्या लुकांमध्ये त्याच विषयाचा विस्तार होतो; एखादी कॉलरची घडी पुढे बाहीवर दिसते, तिथून ती घेरात उतरते, आणि दरवेळी थोडी बदलते. शेवटचा लुक या विस्ताराला टोकाला नेतो. आपल्याकडील फॅशन वीकमध्ये या शेवटच्या लुकसाठी बहुधा चित्रपटातील तारका किंवा तारा आणण्याची प्रथा पडली आणि त्याला शोस्टॉपर हे नाव रूढ झाले. या प्रथेने प्रसिद्धी मिळते हे खरे, पण टाळ्या कपड्याला पडल्या की चेहऱ्याला, हे प्रेक्षकाला कळेनासे होते, आणि नवोदित डिझाइनरचे त्यात नुकसानच अधिक होते. सगळे मॉडेल शेवटी एका रांगेत परत येतात तो क्षण मात्र चुकवू नये. बारा पोशाख एकापाठोपाठ दिसले की कोणता पोशाख रांगेत उपरा वाटतो, कोणता केवळ संख्या भरण्यासाठी शिवलेला आहे आणि कोणत्या दोघांत एकच कल्पना नुसती पुन्हा आली आहे, हे साध्या नजरेलाही उमगते.

स्पर्धेतून डिझाइनर पुढे येण्याची वाट दूरचित्रवाणीपेक्षा जुनी आहे. १९५४ मध्ये पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय लोकर मंडळाने घेतलेल्या स्पर्धेत इव्ह सां लोराँ पोशाखांच्या आणि कार्ल लागरफेल्ड कोटांच्या विभागात विजयी ठरले, तेव्हा दोघेही अगदी तरुण होते आणि निवड झाली होती ती कागदावरील रेखाटनांची. कपडे नंतर नामांकित शिवणगृहांत तयार झाले. त्याच परंपरेतील वूलमार्क पुरस्कार २०१४ मध्ये मिलान येथे भारताच्या राहुल मिश्र यांना मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. तोवर निवडीचे माप रेखाटनावरून संग्रहावर आलेले होते. मिश्र यांनी मेरिनो लोकरीवर भारतीय कारागिरांचे हातभरतकाम वापरले, आणि त्यातील कमळाची आकृती पोशाखागणिक हळूहळू रूप बदलत जाताना दिसत होती. येथे क्रम आणि कारागिरी एकमेकांत मिसळून गेली होती, आणि चांगला संग्रह म्हणजे काय याचे ते उदाहरण आजही देता येते. मिश्र यांनी २००६ मध्ये लॅक्मे फॅशन वीकमधून पदार्पण केले तेव्हाही त्यांच्या हाती केरळचे हातमागाचे कापडच होते, ही गोष्ट योगायोगाची नाही.

दूरचित्रवाणीवर संग्रह पाहताना एक अडचण कायम आड येते, ती म्हणजे संकलनाची. मंचाजवळ बसलेला परीक्षक एका पोशाखाकडे तो येतो तेव्हापासून पाठमोरा जातो तोपर्यंत पाहू शकतो, शिवाय नंतर तो हातात घेऊन त्याची शिवण उलटून पाहतो. घरच्या प्रेक्षकाच्या वाट्याला मात्र काही सेकंदांचे तुकडे येतात, आणि त्यांतही मधूनमधून परीक्षकांचे चेहरे, पडद्यामागची धावपळ, स्पर्धकाचे पाणावलेले डोळे दाखवले जातात. आठवडेभर त्या स्पर्धकाच्या घरची परिस्थिती, आजारपण, इतरांशी झालेले वाद पाहून प्रेक्षकाचे मत आधीच एका बाजूला झुकलेले असते. माणसाविषयीची ही ओढ स्वाभाविक आहे आणि तिच्यात वाईट काही नाही, परंतु तिच्यामुळे कपडा दिसेनासा होतो. 'प्रोजेक्ट रनवे'च्या सहाव्या पर्वात एक विलक्षण प्रसंग आला. वाहिनी बदलण्यावरून न्यायालयीन वाद चालू असल्याने प्रक्षेपण लांबले आणि फेब्रुवारी २००९ मध्ये अंतिम संग्रह न्यूयॉर्कमध्ये सादर झाले तेव्हा ते कोणाचे आहेत हे जाहीर करता आले नाही. समोर बसलेल्या प्रेक्षकांना नाव ठाऊक नव्हते, स्पर्धकाची कहाणी ठाऊक नव्हती. पुढ्यात होते ते केवळ कपडे. ज्याला हे कार्यक्रम गांभीर्याने पाहायचे आहेत त्याने एकदा आवाज बंद करून अंतिम फेरी पाहावी. संगीत, निवेदन आणि परीक्षकांची शेरेबाजी काढून टाकल्यावर जे उरते त्यावर आधी आपले मत बनवावे आणि मग आवाज चालू करावा.

परीक्षकांचे मतही एकमुखी असते असे नाही. २०१० मध्ये याच कार्यक्रमाच्या आठव्या पर्वाच्या निकालाच्या वेळी ग्रेचेन जोन्स आणि मोंडो गेरा यांच्या संग्रहांवरून परीक्षकांचे सरळ दोन तट पडले. जोन्स यांचे कपडे मातकट रंगांचे, सैल, रोज वापरता येतील असे होते, तर गेरा यांचे भडक रंगांचे, ठसठशीत छापील नक्ष्यांचे आणि नाट्यमय होते. मायकेल कोर्स आणि नीना गार्सिया या व्यवसायातल्या दोघांनी पहिल्यांच्या बाजूने, तर क्लूम आणि पाहुण्या परीक्षक जेसिका सिम्प्सन यांनी दुसऱ्यांच्या बाजूने मत दिले. अखेर जोन्स जिंकल्या, आणि त्या निकालावर प्रेक्षक पुढे कित्येक दिवस नाराज राहिले. या वादाच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे. संग्रहाने येऊ घातलेल्या काळाची चाहूल द्यावी की पाहणाऱ्याला त्या क्षणी भारून टाकावे? खरेदीदार पहिल्याला महत्त्व देतो आणि प्रेक्षक दुसऱ्याला. दोघांचेही बरोबर असू शकते, पण ज्या संग्रहात विणीपासून शिवणीपर्यंत विचार झालेला आहे तो दोन्ही कसोट्यांना अधिक काळ पुरतो, असा अनुभव आहे.

आता शिवणीकडे वळता येईल, कारण मराठी घरांमध्ये याविषयीचे ज्ञान समजले जाते त्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. ज्या स्त्रीने आयुष्यभर ब्लाउज शिवून घेतले आहेत तिला मुंढा, म्हणजे बाही जोडली जाते तो काखेभोवतीचा गोल, बोटभर कापडाने चुकला तर हात वर करताना काय होते हे सांगावे लागत नाही. कटोरी आणि प्रिन्सेस कट यांतला फरक, टक्स कोठे संपावा, अस्तर बाहेरच्या कापडापेक्षा ताठ असले तर चुण्या कशा पडतात, उरेप म्हणजे तिरक्या धाग्यात कापलेले कापड अंगावर कसे ओघळते, हे सगळे तिने आरशासमोर उभे राहून तपासलेले असते. रॅम्पवरचा पोशाख पाहताना हीच नजर लावावी. मॉडेल चालताना खांद्याची शिवण मागे सरकते का, पाठीला चेनच्या जागी कापड फुगते का, घेराची कडा सर्वत्र सारख्या उंचीवर आहे का, वळताना आतले अस्तर डोकावते का, हे दोन-तीन सेकंदांतही टिपता येते. कॅमेरा समोरून रेंगाळतो आणि पाठ मात्र घाईने दाखवतो. म्हणून पाठीकडे मुद्दाम लक्ष द्यावे, कारण वेळ कमी पडलेला स्पर्धक बहुधा तेथेच तडजोड करतो. डिझाइनर महागड्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटात नमुना शिवून पाहतात. अंतिम फेरीपूर्वी मार्गदर्शक स्पर्धकांच्या घरी जाऊन अर्धवट झालेले काम पाहतो त्या भागात हे मांजरपाटाचे नमुने कधी कधी खुंटीवर टांगलेले दिसतात. जाणकार प्रेक्षकाने ते आणि प्रत्यक्ष रॅम्पवरचा पोशाख ताडून पाहावेत, त्यातून स्पर्धकाने कोणता विचार टाकला आणि कोणता राखला हे कळते.

शिवणीच्याही आधी कापड येते, आणि येथे येवल्याचा संबंध पोहोचतो. येवल्यात पैठणीचे विणकाम पैठणहून आलेल्या परंपरेतून रुजले आणि आज पैठणीचे सर्वांत मोठे केंद्र म्हणून या गावाचे नाव घेतले जाते. 'पैठणी साडी व वस्त्र' यांना भौगोलिक मानांकनही, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळालेले आहे. घराच्या पुढच्या खोलीत माग, पाय सोडायला खड्डा किंवा उंच बैठक, खाली पावड्या, समोर ताणा म्हणजे उभे ताणलेले रेशमी धागे, अशी तेथील मांडणी असते. पदराचा मोर विणताना बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जात नाही. मोराच्या गळ्याचा निळा वेगळ्या छोट्या तिल्लीवर गुंडाळलेला असतो, चोचीचा लाल वेगळ्या, पानाचा हिरवा वेगळ्या, आणि भोवतालची जर आणखी वेगळ्या तिल्लीवर. विणकर ताण्याचे धागे मोजतो, निळी तिल्ली तेवढ्याच धाग्यांखालून फिरवतो, जेथे निळा संपतो तेथे तो शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो, मग लाल उचलतो. अशी एक आडवी ओळ पुरी झाली की फणी ठोकतो, आणि नंतर दुसरी ओळ सुरू होते. मोराच्या एका पिसासाठी अशा कितीतरी ओळी लागतात. या विणीमुळे पदराची उलटी बाजू सुलट्यासारखीच दिसते, मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे नसतात. जॅकार्डवर, म्हणजे छिद्रांच्या पट्ट्यांनी नक्षी चालवणाऱ्या यंत्रणेवर, विणलेल्या सेमी पैठणीत मागे हे धागे दिसतात. साडी उलटून पाहायची आणि मगच भाव विचारायचा, ही येवल्याच्या बाजारातील जुनी रीत आहे, आणि अंतिम संग्रहातील कापडालाही हीच रीत लावायला हरकत नाही.

पैठणीचे अंग, काठ आणि पदर यांच्या जागा मागावरच ठरतात. नारळी काठ, मुनिया म्हणजे पोपटांची ओळ असलेला काठ, अंगावरची बुट्टी, पदरावरचे बांगडी मोर, आसावली किंवा अजिंठ्याचे कमळ ही सगळी नक्षी नेसल्यावर कोठे येईल याचा हिशेब करून विणलेली असते. निऱ्या, खांदा, पाठीवरून खाली येणारा पदर यांतून ती आपोआप योग्य जागी बसते. म्हणजे पैठणी हे कापड आहे आणि पुरा झालेला पोशाखही आहे. डिझाइनरने कात्री लावण्याआधीच कोणी तरी तिचे डिझाइन पूर्ण केलेले आहे, आणि तो विणकर आहे. याच कारणाने पैठणीवर आधारलेले पुष्कळसे संग्रह फसतात. काठ कापून जॅकेटच्या कडेला लावला, पदराचा मोर उचलून पाठीवर चिकटवला, उरलेल्या अंगाचा घागरा शिवला की पैठणीचा आधुनिक अवतार तयार झाला, अशी समजूत दिसते. येथे कापडाचा स्वभाव आड येतो. जर ताणली जात नाही, रेशमाचे अंग मात्र तिरके कापल्यावर सैल होऊन खाली येते. दोन्ही एकाच शिवणीत आणले की काठ आखडतो आणि अंग फुगते. शिवाय पदराची वीण लहान लहान तुकड्यांत अडकवलेली असल्याने कात्री लागली की कडेचे धागे सुटू लागतात आणि मग त्यांना मागून चिकटपट्टीचा आधार द्यावा लागतो, म्हणजे ज्या उलट्या बाजूचा विणकराला अभिमान आहे तीच झाकली जाते.

मोडलेल्या पैठणीचे संग्रह पाहून पारंपरिक वस्त्रावर प्रयोगच करू नये असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. प्रयोगाची खरी जागा माग ही आहे. डिझाइनरने आपल्या पोशाखाची मापे आधी विणकराला द्यावीत, काठ घेराच्या खाली हवा की बाहीच्या टोकाला, बुट्टी दाट कोठे आणि विरळ कोठे, जर किती कमी करायची म्हणजे कापड मऊ पडेल, हे त्याच्याशी बसून ठरवावे, आणि विणून आलेल्या कापडाला शक्य तेवढी कमी कात्री लावावी. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी विस्मृतीत चाललेली कुणबी साडी पुन्हा मागावर आणली, आणि त्यांच्या मोठ्या कारकिर्दीतील हे काम रॅम्पवरील कित्येक संग्रहांपेक्षा अधिक टिकाऊ ठरले. मुंबईत काम करणाऱ्या वैशाली शडांगुळे यांनी खणासारख्या हातमागाच्या वस्त्रांना दोरीसारखा पीळ देऊन त्यांतून उभे आकार घडवण्याची पद्धत विकसित केली, आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर वीकमध्ये, म्हणजे मापानुसार हाताने शिवलेल्या अत्युच्च दर्जाच्या वेशभूषेच्या सप्ताहात, त्यांचा संग्रह सादर झाला; तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझाइनर होत. या दोघांच्या कामात कापडावर सत्ता गाजवण्याची घाई दिसत नाही.

स्पर्धेच्या चौकटीत मात्र असे काम जवळजवळ अशक्य करून ठेवलेले आहे, आणि प्रेक्षकाने हे समजून घेतले पाहिजे. साध्या पदराची पैठणी काही आठवड्यांत उतरते, पण भरगच्च पदराच्या किंवा अंगभर नक्षी असलेल्या पैठणीला सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. दूरचित्रवाणीच्या स्पर्धकाला संपूर्ण संग्रहासाठी जी मुदत मिळते ती एका चांगल्या पदरालाही पुरत नाही. मग तो बाजारात जाऊन तयार कापड उचलतो, आणि त्याची सगळी बुद्धी त्या कापडाला कापण्यात, रंगवण्यात, त्यावर काही चिकटवण्यात खर्ची पडते. परीक्षक नंतर त्याला विचारतात की कापडाची निवड इतकी सामान्य का. दोष स्पर्धकाचा नसतो. स्पर्धेच्या वेळापत्रकाने त्याच्या हातातून हातमाग आधीच काढून घेतलेला असतो. वूलमार्कसारख्या पुरस्कारात निवड आणि अंतिम फेरी यांत अनेक महिन्यांचे अंतर ठेवले जाते, त्यामुळे तेथील संग्रहांत कापड विणून घेण्यापासूनचा विचार दिसू शकतो.

याहून खोलवर एक दुसरी विसंगती आहे. या स्पर्धांत स्पर्धकाने सगळे काम स्वतःच्या हाताने करावे अशी अपेक्षा असते. 'प्रोजेक्ट रनवे'च्या २००६ मधील तिसऱ्या पर्वात एका अंतिम स्पर्धकाने बाहेरून शिवणकाम करून घेतले असावे अशी शंका घेतली गेली, चौकशी झाली, आणि आरोप सिद्ध न झाल्याने त्याला स्पर्धेत राहता आले. स्पर्धा न्याय्य राहण्यासाठी असा नियम आवश्यक आहे, हे मान्य करावे लागते. पण त्यातून प्रेक्षकाच्या मनात वस्त्र हे एकट्या प्रतिभेचे फळ असते अशी चुकीची प्रतिमा तयार होते. रेशीम बंगळुरूकडून येते, जर सुरतेहून येते, रंगारी ते रंगवतो, ताणा लावणारा वेगळा असतो, विणकर विणतो, त्याच्या घरातील स्त्रिया तिल्ल्या भरतात, आणि मग कोठे डिझाइनर आणि शिंपी येतात. याच नाशिक जिल्ह्यातील मालेगावात यंत्रमागावर रोज प्रचंड प्रमाणात कापड निघते, तेथेही पाळीत उभ्या असणाऱ्या कामगाराशिवाय एक वारही कापड तयार होत नाही. विणकरांसाठी केंद्र सरकारचे राष्ट्रीय पुरस्कार आणि संत कबीर पुरस्कार आहेत, येवल्याच्या विणकरांनी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेलेही आहेत. परंतु तो सन्मान एका वेगळ्या सभागृहात होतो आणि फॅशनचा रॅम्प दुसऱ्या. एकीकडे विणकराचे नाव असते आणि पोशाख नसतो, दुसरीकडे पोशाख असतो आणि विणकराचे नाव नसते. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेसारख्या, म्हणजे १९८६ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या आणि नवी मुंबईत खारघर येथेही केंद्र असलेल्या, संस्थांमधील विद्यार्थ्यांना हस्तकलेच्या गावांत पाठवले जाते ही चांगली गोष्ट आहे, मात्र पदवीच्या अखेरच्या प्रदर्शनात त्या गावाचा उल्लेख प्रेरणा एवढाच राहिला तर ती भेट अपुरी ठरते.

महाराष्ट्र शासनाच्या २०२३ ते २०२८ या काळासाठीच्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी, खण आणि घोंगडी या पारंपरिक वस्त्रांचा खास विचार झालेला आहे. धोरणातील नोंदीला प्रत्यक्ष मागणीची जोड मिळायची असेल तर ती तरुण डिझाइनरांकडूनच मिळू शकते, आणि त्यासाठी नाशिकमधील फॅशन डिझाइन शिकवणाऱ्या महाविद्यालयांइतकी सोयीची जागा राज्यात दुसरी क्वचितच असेल. एखाद्या महाविद्यालयाने वार्षिक प्रदर्शनाचा विषय जूनमध्येच जाहीर करून विद्यार्थ्याची जोडी येवल्यातील विणकराशी लावून दिली, वर्षभरात दोघांनी मिळून पूर्ण साडी न विणता केवळ दोन-तीन वार कापड पोशाखाच्या मापाने विणले, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचे तीन पोशाखांचे छोटे संग्रह रॅम्पवर आले, तर दूरचित्रवाणीच्या बारा पोशाखांपेक्षा त्यांतून शिकण्यासारखे अधिक असेल. निवेदकाने डिझाइनरच्या नावाबरोबर विणकराचे नाव उच्चारावे, आणि शेवटी टाळ्या घेण्यासाठी दोघांनीही मंचावर यावे. यासाठी अनुदान लागत नाही, कायदा लागत नाही; आयोजकांची तेवढी इच्छा लागते.

प्रेक्षकाकडूनही एक अपेक्षा आहे. नाशिकपासून येवले छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे आणि तेथील अनेक घरांत माग चालू असताना पाहता येतो. ज्यांना फॅशनच्या स्पर्धा आवडतात त्यांनी पुढच्या पर्वाची अंतिम फेरी येण्यापूर्वी एकदा तेथे जावे, विणकराची परवानगी घेऊन तास-दोन तास शेजारी बसावे, पदराची उलटी बाजू हातात घेऊन पाहावी, आणि खरेदी करायची असेल तर विणकराची मजुरी घासाघीस न करता द्यावी.